पोपटीच्या मडक्याची खापरी

सॉक्रेटिसवर माझा जुना राग आहे. हसू नका. कुणाचा राग सासूवर असतो, कुणाचा जावेवर, आमच्या सुकापुरात निम्म्या लोकांचा पाणी सोडणाऱ्या माणसावर असतो. माझा हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या त्या अनवाणी म्हाताऱ्यावर आहे. परवा नात शाळेतून आली आणि म्हणाली, "आजी, आम्हाला सॉक्रेटिस आहे. पळून जायचा चान्स होता तरी गेला नाही, विष प्यायला. ग्रेट ना?" मी विळीवर भेंडी चिरत होते. म्हटलं, "त्याच्या बायकोला विचारलं का कुणी, ग्रेट होता का ते?" ती खो खो हसली आणि टीव्ही लावायला गेली. मी विळी मिटली आणि चिकट हात तसेच मांडीवर ठेवून बराच वेळ बसून राहिले. मग ठरवलं की हे एकदा लिहून टाकायचं, म्हणजे डोक्यातून जाईल. जाणार नाही म्हणा, पण लिहायचं.

गावाचं नाव मी लिहीत नाही. पनवेलहून उरणकडे जाताना खाडीच्या अंगाला जी गावं होती त्यांतलं एक, एवढं पुरे. आता तिथे सेक्टर आहेत आणि रिक्षावाला गावाचं नाव सांगितलं तर कपाळाला आठ्या घालतो. तेव्हा घरातून बाहेर पडलं की डावीकडे भातखाचरं, उजवीकडे मिठागर आणि मधून बांध जायचा. भरतीचं पाणी बांधाच्या उघाडीवर, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दारावर आपटायचं त्याचा धप धप आवाज अंथरुणात ऐकू यायचा, आणि उन्हाळ्यात मीठ ओढणाऱ्या फळ्यांची खरखर दिवसभर कानात असायची. घर दोन भावांचं. थोरले आबा, माझे काका, शेत आणि मिठागर बघायचे. धाकटे माझे वडील. त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो आणि गाव मास्तर म्हणायचं, कारण ते रोज सायकल मारत पनवेलला जाऊन शाळेत इतिहास शिकवायचे. भाऊ रांगत असतानाच त्यांची आई गेली. आबांचं लग्न घाईने लावलं ते घरात भाकरी थापायला कुणीतरी हवं म्हणून. जी नवरी आली ती हळदीच्या अंगाने आली आणि धाकट्या दिराला काखेला मारूनच घरात वावरायला लागली. तिला मी मोठी आय म्हणायची. भाऊंना ती मोठेपणीही नावाने हाक मारायची, "नारान, जेवाला ये." मास्तर झालेला, धोतर सोडून पँट घालायला लागलेला माणूस, पण तिची हाक आली की पुस्तक उपडं टाकून उठायचा.

माझी आई पनवेलच्या आसपासच्याच गावची, जिभेला धार असलेली. मोठ्या आयचं आणि तिचं कधी भांडण झालं नाही, कारण भांडण मिटवायला घरात भाऊंनी जी पद्धत आणली होती तिचा दोघींनाही सारखाच कंटाळा होता. ती पद्धत म्हणजे सभा. रविवारी दुपारी कोळंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी झाली की भाऊ ओट्यावर सगळ्यांना बसवायचे. बैल विकायचा का, सुलाताईला सातवीनंतर पुढे शिकवायचं का, पडवीला कौलं घालायची की पत्रा, सगळं सभेत. मत कुणाला? तर ज्याला आपल्या हाताने कोळंबी सोलता येते त्याला. हा नियम भाऊंनी केला तेव्हा मी तीन दिवस मोठ्या आयच्या मागे लागून कोळंबी सोलायला शिकले, बोटं सोलवटून घेतली आणि माणसांत आले.

हे सगळं त्यांनी अथेन्समधून आणलं होतं. शाळेच्या कपाटात एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, ते ते शब्दकोश शेजारी ठेवून वाचायचे आणि जेवताना आम्हाला सांगायचे. तिथे म्हणे गावातले सगळे एका टेकडीवर जमायचे, चांभार, कुंभार, नावाडी, कुणीही उठून बोलायचा. राजा नाही. कामं चिठ्ठ्या टाकून वाटायचे, आज तू तर उद्या मी. आणि त्या गर्दीत एक कुरूप, पोट सुटलेला माणूस बाजारात फिरायचा आणि ज्याला त्याला धरून विचारायचा, तू न्याय न्याय म्हणतोस, म्हणजे काय रे? "मार खात असंल," आबा म्हणायचे. "खायचा ना," भाऊ खूश होऊन सांगायचे. एकदा आईने भाकरी तव्यावर टाकता टाकता विचारलं, "त्या टेकडीवर बायका होत्या का?" भाऊंनी हातातला घास ताटात ठेवला. "नव्हत्या. बायकांना मत नव्हतं. गुलामांनाही नव्हतं." "तरीच," आई म्हणाली, "दिवसभर टेकडीवर बसायला वेळ होता. घरी भाकऱ्या कोण थापत होतं?" भाऊंनी मान खाली घातली. म्हणूनच आमच्या सभेत बायकांना मत होतं, गावच्या पंचांच्या गावकीत मात्र नव्हतं.

पण सांगायची आहे ती पोपटी. आता पनवेलच्या रस्त्यांवर बोर्ड लावून पोपटी विकतात, दिल्लीहून आलेली माणसंही खातात. आमच्याकडे ती थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की बांधावरच व्हायची. नवं मडकं, बुडाशी आणि तोंडाशी भांबुर्डीचा पाला, मध्ये शेंगा, ओवा, आमच्याच मिठागरातलं जाडं मीठ, बटाटे, अंडी, आणि सण मोठा असला तर कोंबडी. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, लाकडं रचून पेटवायचं. आबा मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडायचे आणि चुर्र आवाजावरून सांगायचे झाली का नाही. त्या शेंगांचा वास! आमच्या घरात ते मडकं दुसऱ्यांदा वापरायचे नाहीत. खाऊन झालं की आबा त्याला काठी घालायचे. आणि त्या खापऱ्यांवरून भाऊंना आणखी एक गोष्ट सुचली.

अथेन्समध्ये वर्षातून एकदा लोक फुटक्या खापरीवर एक नाव लिहायचे. गावाला जो माणूस डोईजड झाला असं वाटतं त्याचं. ज्याचं नाव जास्त निघेल त्याने गाव सोडायचं, दहा वर्षं. त्याची जमीन, घर काही घ्यायचं नाही, मान काढायचा नाही. दहा वर्षांनी तो परत आला की सगळं जसंच्या तसं. भाऊंनी हे ऐकवलं आणि त्या वर्षीपासून आमच्याकडे पोपटीनंतर खेळ सुरू झाला. प्रत्येकाने विझलेल्या कोळशाने खापरीवर नाव लिहायचं, वर्षभर घराला जास्त छळलं कुणी? ज्याचं नाव जास्त त्याने आठ दिवस भांडी घासायची. आबा घोरण्यासाठी दोनदा निवडून आले. मी एकदा. बाकीच्या वर्षी भाऊच, प्रश्न विचारून डोकं खाल्लं म्हणून. आबा मिठाच्या हाताने भांडी घासताहेत आणि मोठी आय पदर तोंडाला लावून हसतेय, हे मला अजून दिसतं.

त्या शेकोटीशीच भाऊंनी एकदा एका सज्जन माणसाची गोष्ट सांगितली. अथेन्समध्ये एक फार न्यायी माणूस होता. मतदानाच्या दिवशी एका अडाणी शेतकऱ्याने, हा कोण हे माहीत नसताना, त्यालाच खापरी दिली आणि त्याचंच नाव लिहायला सांगितलं. का रे बाबा, त्याने तुझं काय वाईट केलं? काही नाही, सगळे त्याला न्यायी न्यायी म्हणतात ते ऐकून कंटाळलो. "मंग त्यानं लिवलं?" मोठ्या आयने विचारलं. "लिहिलं. काही न बोलता." मोठी आय शेंग सोलत म्हणाली, "येडाच म्हनाचा." आम्ही सगळे हसलो, भाऊसुद्धा.

आता ज्या वर्षाबद्दल लिहायचं टाळत होते तिथे येते. सुलाताई, म्हणजे आबांची मुलगी, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी. तिचं लग्न ठरलं होतं शेजारच्या गावात. मुलगा शांत होता, तिला आवडला होता, आणि आमच्या घरात दुसरी मुलगी मीच असल्यामुळे माझ्या अंगात तिच्याहून जास्त लग्न संचारलं होतं. त्याच सुमारास गावात धर्मा नावाच्या म्हाताऱ्याचं घर गावकीने वाळीत टाकलेलं होतं. बांधाच्या भांडणात त्याच्या मुलाने गावकीला न विचारता कोर्टात दावा लावला, एवढंच. वाळीत म्हणजे काय ते आजच्या पोरांना कळणार नाही. तुमच्याशी कुणी बोलत नाही, दुकानदार मीठ देत नाही, विहिरीवर तुम्ही गेलात की बाया बाजूला होतात. आणि मग धर्माची बायको मेली. दिवस वर आला तरी दारात बाप आणि लेक दोघेच. तिरडीला चार खांदे लागतात. भाऊ शाळेला निघाले होते. त्यांनी सायकल धर्माच्या कुडाला टेकवली आणि आत गेले. त्यांना बघून मिठागरावरचा एक परगावचा मजूर आला. चौघांनी तिला नेलं.

गावकी बसली. भाऊंनी तिथेही तेच केलं जे त्यांचा तो म्हातारा बाजारात करायचा. वाळीत टाकायचं कुणी मांडलं, विरोधात कोण होतं, विरोधात कोण असं विचारलं तरी होतं का, मेलेल्या बाईने कोणता दावा लावला होता? मी देवळाच्या मागच्या पायरीवर बसून ऐकलं. जोमा पंच, वयाने आबांहून थोडे मोठे, शांत माणूस, वाईट माणूस नव्हे, ते म्हणाले, "मास्तर, शाला शालंत. देवाला नारल ठेव, चुकलं म्हन, विषय संपला." भाऊ म्हणाले, "खांदा दिला त्याची माफी मागू? जोमादादा, तुम्ही मागाल?" जोमा पंचांनी बिडी विझवली. दुसऱ्या दिवशी ते आमच्या ओट्यावर आले आणि भाऊंकडे न बघता आबांना सांगितलं, "गाव करील ते राव काय करील. दोन वाटा हायेत. तुमचं घर वालीत, नाय तर मास्तराला येगला काढा, तो गावात ऱ्हानार नाय. मंग घर गावाचं." चहा न घेताच गेले.

घर वाळीत म्हणजे सुलाताईचं लग्न मोडलं. यात दुसरं काही बोलायला जागा नव्हती. नवरा मुलगा कितीही चांगला असला तरी त्याचा बाप वाळीतल्या घरी वरात आणणार नव्हता. आमच्यात लग्न लावणारी, धवले गाणारी धवलारीण पायरी चढली नसती. एकदा मोडलेली मुलगी त्या काळात कुठे जाणार होती? घरात कुणी हे मोठ्याने बोललं नाही. चुलीवर कालवण उकळत असायचं आणि सगळे त्याच्याकडे बघत बसायचे. सुलाताई मला म्हणाली, "मना नाय कराचं लगीन. काकाला सांग." मी सांगितलं. भाऊ म्हणाले, "ती असं म्हणते म्हणूनच नीट ठरवलं पाहिजे." आणि मग त्यांनी ते काढलं जे मला आजवर समजलेलं नाही. म्हणाले, आपल्या घराची रीत आहे. पोपटीला ठरवू.

त्या दिवशी आबांनी ऊन असतानाच मडकं लावलं. शेंगा जळल्या, कुणाचंच लक्ष नव्हतं. कोंबडी तशीच राहिली. आबांनी मडकं फोडलं आणि भाऊंनी खापऱ्या वाटल्या, शाळेत पेपर वाटतात तशा. नारायणने जावं असं वाटतं त्याने नाव लिहायचं, राहावं असं वाटतं त्याने कोरी ठेवायची. "मी मत देणार नाही," ते म्हणाले, "माझ्यावरच आलंय." आई म्हणाली, "तुमच्या अथेन्सात देत होते ना?" "देत होते. मी देणार नाही." म्हणजे मतं पाच: आबा, मोठी आय, आई, सुलाताई, मी. आम्ही बांधावर अंतरा-अंतराने पाठी फिरवून बसलो. मी माझी खापरी कोरी ठेवली, वर हाताने पुसून आणखी कोरी केली.

मोठ्या आयला लिहिता येत नव्हतं. खेळात ती दरवर्षी माझ्याकडून लिहून घ्यायची. मी तिच्याकडे सरकले तर तिने मला हाताने मागे लोटलं. ती उठली, पदराने हात पुसले आणि बांधावरून चालत भाऊंपाशी गेली. त्यांच्यासमोर खापरी आणि कोळसा धरला.

"लिव."

"कुणाचं, वैनी?"

"तुजं."

ती म्हणाली, "दुसऱ्याच्या हातानं तुजं नाव नाय लिवून घ्याचं मना. मीच तुला वाडवला, मीच सांगतंय. सुलीला दुसरं घर नाय मिलनार. तुला मिलंल." भाऊंनी कोळसा घेतला आणि त्यांच्या त्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात 'नारायण' लिहिलं, काना नीट उभा, ण नीट गोल. काही बोलले नाहीत. मला त्या न्यायी माणसाची गोष्ट आठवली आणि मोठी आय काय म्हणाली होती तेही आठवलं. तिलाही आठवलं असणार, कारण ती खापरी घेऊन परतली आणि मध्येच बांधावर खाली बसली.

खापऱ्या आबांच्या टोपलीत टाकल्या आणि भाऊंनीच एक एक काढल्या. कोरी. कोरी, त्यावर ओल होती, ती सुलाताईची. त्यांच्या स्वतःच्या अक्षरातली. मग आबांची, आबांना सही करण्यापुरतं लिहिता यायचं, त्यांनी 'नारन' लिहिलं होतं. शेवटची खापरी भाऊंनी उजेडाकडे धरली. तिच्यावर एकच अक्षर होतं. 'हे'. आमच्या आईने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, उखाण्यात सोडून. लिहायची वेळ आली तेव्हाही तिने ते लिहिलं नाही.

मी आईशी कितीतरी दिवस बोलले नाही. नंतर, मी स्वतः बाई झाल्यावर, एकदा तिला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "सुलीचं लग्न मोडलं असतं तर हे त्या घरात जगले नसते. घर सोडून माणूस जगतो गं. आणि मी काय त्यांना एकट्याला पाठवत होते? मी माझंपण नाव लिहिलं होतं त्यात." आणि खडा उचलून फेकला.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताना आबा गोठ्यात भाऊंपाशी आले. मी दुधाचं भांडं घेऊन उभी होते, त्यांनी मला जा म्हटलं नाही. आबा म्हणाले, "नारान, येक सांगतू. तू जाऊ नको. पनवेलला गेलास आसं दाखव. सामान पाठवू, तू सांजचा मागच्या बांधावनं घरात ये. फाल्गुनात सुलीचं लगीन झालं का मंग गाव काय करतंय ते बगू. जोमाला पन चालंल, त्यानं तसं सुचिवलंय." म्हणजे बघा, दार उघडं होतं. पंचांनाही नको होतं. एवढी एक मान हलवायची होती. भाऊ म्हणाले, "आबा, मीच खापऱ्या वाटल्या. मीच मोजल्या. आता माझ्यावर आलं म्हणून मोजलेलं खोटं म्हणू? इतकी वर्षं आपण घासलेली भांडी मग कशाला?" आबा गोठ्यातच रडायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं. भाऊंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि गाय दोघांकडे बघत रवंथ करत राहिली.

मेला तो सॉक्रेटिस. त्यालाही मित्राने असंच सांगितलं होतं, पहाटेच तुरुंगात येऊन, की पहारेकरी आपला आहे, चल. माझं भाऊंना लहानपणी विचारायचं राहून गेलं आणि आता विचारायला कुणी नाही: ज्या नियमाने आपल्याला बुडवलं त्यालाच धरून बसायचं, हा कुठला शहाणपणा? आमच्या सोसायटीत परवा मीटिंग होती. एका बिल्डिंगमधल्या भाडेकरू पोरांना काढायचं म्हणून सगळ्यांनी हात वर केले. मी उभी राहिले आणि विचारलं, "विरोधात कोण, ते विचारलंत का?" सेक्रेटरी म्हणाला, आजी, मेजॉरिटी आहे. मी म्हटलं, ते दिसतंय मला, मी दुसरं विचारलं. माझा हात तेवढा वर गेला, विरोधात. मुलगा घरी आल्यावर म्हणाला, कशाला उगाच. काय सांगू त्याला? रक्तात आहे, जात नाही.

पनवेलला भाऊंनी एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. उघाडीच्या धप धपऐवजी आता गाड्यांचे हॉर्न आणि फलाटांवरच्या घोषणा. अलिबाग, महाड, पेण. भाऊ शाळेत चालत जायचे आणि सायकल जिन्याखाली गंजत होती. सुलाताईचं लग्न थाटात झालं म्हणे. बँजो, वरात, धवलारीण, सगळं. त्या दिवशी आईने आम्हा तिघांसाठी तांदळाचे वडे तळले. लग्नाचे वडे असतात तेवढे तळले, परातभर. भाऊंनी एक खाल्ला आणि म्हणाले, छान झालेत. बाकीचे शेजारी वाटले. शेजारणीने विचारलं, काय आहे आज? आई म्हणाली, "पोरीचं लग्न."

आबा बाजाराच्या दिवशी पनवेलला यायचे. बाजारात गावकी नसते. दोघे भाऊ चहाच्या टपरीशी शेजारी शेजारी उभे राहायचे. आबा जाताना खाडीच्या चिखलातल्या निवट्या मासोळ्या किंवा कोळंबी द्यायचे, पानात बांधलेली, मोठ्या आयने साफ केलेली. ती स्वतः कधी आली नाही. मी भाऊंना म्हणायची, दहा वर्षं ना, मग परत? ते म्हणायचे, "तिथली रीत तशी होती. घर, मान, सगळं ठेवलेलं असतं." त्यांनी पनवेलमध्ये एकदाही पोपटी केली नाही. मडकं विकायला दारात यायचं, शेंगा यायच्या. म्हणायचे, पोपटी आपल्या बांधावरच.

दहा वर्षं झाली. त्याआधीच सरकारने गावाची जमीन घेतली, मिठागर गेलं, बांधावर रोलर फिरला. धर्माचा मुलगा आणि जोमा पंचांचा मुलगा एकाच बिल्डरकडे भागीदार झाले. वाळीत टाकलं होतं हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. आबा टपरीवर म्हणाले, "नारान, ये की आता. तुला आडवलंय कोन?" भाऊ हसले. घरी येऊन मला म्हणाले, "अडवलं नाही कुणी. पण बोलवायला नको का? त्या न्यायी माणसालाही अथेन्सने स्वतः परत बोलावलं होतं, तशी रीत आहे." मी चिडले. म्हटलं, भाऊ, त्यांना कुणाला ठाऊक आहे तुमची रीत? ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली पेणची गाडी लागत होती. मग वर्षं सरत गेली, आबा गेले, भाऊ निवृत्त झाले, मी लग्न होऊन सुकापुरात आले.

शेवटी त्यांना झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. मी सुलाताईला निरोप धाडला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा दारात थांबली. मोठी आय उतरली. किती लहान झाली होती. सुलाताईने तिला धरलं होतं, आणि तिने छातीशी फडक्यात काहीतरी धरलं होतं. आईने तिला हात धरून खाटेपाशी नेलं. भाऊंनी डोळे उघडले. तिने फडकं सोडलं. खापरी होती. सुलाताई हळू आवाजात मला म्हणाली, "काल पोपटी लावली तिनं. अंगणात, फरशीवर, तीन विटा मांडून. आनि माज्या नातीकडनं हे येक अक्षर रात बसून गिरवलं. कुनाला हात लावू दिला नाय."

कोळशाने, वाकडं, पूर्ण खापरीभर लिहिलं होतं: 'ये'.

"रोज बोलवाचा व्हता," मोठी आय म्हणाली. "कोनच्या तोंडानं बोलवू? चल आता. जेवाला चल, नारान."

भाऊंनी उजवा हात वर केला. तिने खापरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा त्या अक्षरावरून फिरवला, वरून खाली, मग मात्रेवरून, मुलांची पाटी तपासताना फिरवायचे तसा. पुन्हा फिरवला. फिरवून फिरवून अक्षर गेलं, सगळा कोळसा अंगठ्यावर आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाची एक बाजू हसत होती. मोठी आय त्यांच्या उशाशी बसून राहिली, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन, संध्याकाळपर्यंत. दिवे लागायच्या वेळेला ते गेले.

गावाला नेलं. अख्खं गाव आलं होतं. जोमा पंच काठी टेकत आले. खांद्याला एवढी गर्दी की लोक एकमेकांना सरकवत होते, आणि धर्माच्या मुलाने पुढचा खांदा शेवटपर्यंत कुणाला दिला नाही. मला ते बघवत नव्हतं. एवढे खांदे होते तर तेव्हा कुठे होते? पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. आंघोळ घालायला माणसं जमली, पाणी ओतलं, कुणीतरी उजवा हात उचलून साबण लावायला गेलं. आईने तो हात धरला. दिवसभर ती रडली नव्हती.

"अंगठा नका धुऊ," ती म्हणाली. "ह्यांना बोलावणं आलंय."